कामदोक-निम, आता विश्रांती घ्या

आठव्या डावात क्रेन्स या बेसबॉल संघाच्या कामदोकनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, बंटची खूण केली आणि प्यो दोकसूच्या इस्त्रीखाली एका उपमुख्याध्यापकांच्या राखाडी पँटीचा गुडघा जळाला.

"अहो, वास कसला येतोय?" आतून बायकोनं, मिसुननं, विचारलं.

"हरण्याचा," क्वाक म्हणाला.

रविवारची दुपार होती. कोरियातल्या गुन्सान बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या प्यो लाँड्रीचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेल्या कोटांच्या मधोमध टीव्ही चालू होता. टीव्हीसमोर तिघं जण. इस्त्रीमागे दोकसू, उलट्या बादलीवर अग्निशमन दलातून निवृत्त झालेला क्वाक, आणि दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर सोकजू. सोकजूनं सारी हयात कस्टममध्ये घालवली होती, त्यामुळे समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीवर संशय घेणं हा त्याचा धर्मच झाला होता. तिघं एका शाळेतले, तिघंही साठीच्या उंबरठ्यावरचे आणि तिघंही क्रेन्सचे जन्मठेपेचे कैदी.

आता ही बंटची भानगड. क्रेन्स एका धावेनं मागे, एक खेळाडू पहिल्या बेसवर, अजून कोणी बाद नाही, आणि फलंदाजीला संघातला सगळ्यात दांडगा गडी. अशा वेळी त्या गड्याला बॅट आडवी धरून चेंडू नुसता पायाशी टाकायला सांगायचं, म्हणजे तू बाद हो पण दुसऱ्याला एक बेस पुढे ढकल, असं फर्मान काढायचं. गडी आज्ञाधारक होता. त्यानं चेंडू पायाशी टाकला. तो इतका इमानदारीनं पायाशी पडला की समोरच्या संघाच्या कॅचरनं उचलून दोघांनाही बाद केलं.

"आग लागली की आधी माणसं बाहेर काढतात," क्वाक बादलीवरून उठला. "ह्या माणसाला आधी बाहेर काढा!"

"कामदोकला काय बोलतोस? दोह्यॉनला विकला कुणी?" सोकजू म्हणाला. "वरच्या ऑफिसनं. होमरन मारणारा एकमेव माणूस विकला आणि त्याच्या बदल्यात दोन पोरं आणली. त्यातल्या एकाचा खांदा दुखतो आणि दुसऱ्याला आईची आठवण येते. संघाची मालक नूडल विकणारी कंपनी, तिच्या अध्यक्षाला बेसबॉल कळतो का?"

"बंटची खूण अध्यक्षानं केली? नाक, कान, टोपी, हे सगळं अध्यक्षानं खाजवलं?"

"दोह्यॉन असता तर बंट करावा लागला असता?"

हा वाद दोन वर्षं चालू होता. क्वाक म्हणायचा, दोष कामदोकचा. सोकजू म्हणायचा, दोष वरच्यांचा. आणि दोकसू वाफेच्या ढगातून म्हणायचा की वारा उलटा होता, पंच आंधळा होता, पुढच्या महिन्यात बघा. क्रेन्सचे कामदोक थाक हानगिल यांच्याविरुद्ध त्याच्या तोंडून आजवर एक शब्द निघाला नव्हता.

त्याला कारण होतं. क्रेन्सनी आयुष्यात एकदाच चषक जिंकला, तेव्हा शेवटचा चेंडू टाकणारा पिचर म्हणजे हानगिल. पण दोकसूचा हानगिल त्याच्याही आधीचा होता. गुन्सान हायस्कूलमध्ये हानगिल एक वर्ष पुढे होता आणि दोकसू राखीव कॅचर. राखीव म्हणजे असा राखीव की तीन वर्षांत त्याला मैदानात कोणी बोलावलं नाही. त्याचं काम एकच, सामन्याआधी कुंपणामागे उकिडवं बसायचं आणि हानगिलचा हात गरम होईपर्यंत चेंडू झेलायचे. डावा तळहात असा सुजायचा की जेवताना वाटी धरवत नसे. ते दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, आणि हे त्यानं मिसुनलाही कधी सांगितलं नव्हतं, कारण लग्नाचे दिवस कुठल्या नंबरावर, असं तिनं विचारलं असतं. शाळेनंतर हानगिल त्याला भेटलाच नाही. भेटला तर ओळखेल का, हा प्रश्न दोकसू मनात येऊ देत नसे. त्याला उत्तराची भीती वाटायची.

मिसुननं पुढे येऊन पँट उचलली. गुडघ्याच्या जागी इस्त्रीचा अख्खा आकार उमटला होता.

"छान," ती म्हणाली. "हरतात ते आणि जळतात लोकांच्या पँटी. उपमुख्याध्यापकांना काय सांगू? बंट होता म्हणून सांगू?"

दोकसूनं पँटीकडे पाहिलं, मग टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर हानगिल डगआउटच्या, म्हणजे मैदानाकडेला संघ बसतो तिथल्या, कठड्याला टेकून उभा होता आणि शेंगदाणे सोलत होता. त्या शेंगदाण्यांनी दोकसूचा दोन वर्षांचा संयम सुटला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पाठवा."

क्वाक आणि सोकजू एकमेकांकडे बघायला लागले. पाठवायचं म्हणजे पुष्पचक्र. चाहते फारच संतापले की क्लबच्या ऑफिसच्या दारात पांढऱ्या शेवंतीची तीन मजली पुष्पचक्रं पाठवतात, मयताला पाठवतात तीच, आणि त्यावरच्या रिबिनीवर मनातलं लिहितात. गेल्या आठवड्यात तरुण पोरांनी रांग लावली होती. म्हातारे तेवढे मागे राहिले होते, कारण त्यांच्यातला एक जण दर वेळी वाऱ्याची दिशा सांगत बसायचा.

"लिही," क्वाक गरजला. "'थाक हानगिल, चालता हो!'"

"नाव घेऊन?" दोकसू दचकला. "आणि 'हो'? माणूस साठीचा आहे. निदान कामदोक-निम म्हण."

हे 'निम' म्हणजे आपलं 'साहेब'. गुन्सानात शाळेचा संघ चालवणारा असो की पगारी खेळाडूंचा, तो कामदोकच, आणि त्याला हाक मारताना मागे निम लागतोच. शिवी देतानासुद्धा तो सुटत नाही.

"बरं. 'कामदोक-निम, चालते व्हा.'"

"ते फार घरमालकासारखं वाटतं," सोकजू म्हणाला.

"'खूप झालं, आता जा'?"

"कुठे जा?" दोकसूनं विचारलं. "नुसतं जा कसं म्हणायचं? घरी जा म्हणावं. घरी जाऊन जरा... विश्रांती घ्या."

"ह्यात शिवी कुठे आहे?" क्वाकचा चेहरा लाल झाला.

"'आता'मध्ये आहे," दोकसू म्हणाला. "'आता' जरा जोरात वाच."

क्वाकनं जोरात वाचून पाहिलं. आतून मिसुन म्हणाली की कामदोकना कळो न कळो, शेजाऱ्यांना कळलं.

"आणि वरच्यांचं काय?" सोकजू अडून बसला. "अध्यक्ष सुटता कामा नये. नाहीतर माझी वर्गणी धरू नका."

पुन्हा खल झाला. शेवटी सर्वानुमते मसुदा ठरला तो असा: 'कामदोक-निम, खूप झालं. आता विश्रांती घ्या. जाताना अध्यक्षांनाही सोबत घेऊन जा.' खाली पाठवणाऱ्याचं नाव: क्रेन्सचे जुने चाहते, प्यो लाँड्री.

"लाँड्री कशाला?" दोकसूनं दुबळा विरोध केला.

"टीव्ही तुझा, फोन तुझा, आणि पँटही तूच जाळलीस," क्वाक म्हणाला.

फुलवाल्या मालसुन मावशींना फोन लावला गेला. दोकसूनं मजकूर सांगितला, उद्या सोमवारी सकाळी कामदोक-निमना स्टेडियमवर पोचवा म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ रिकाम्या पाटावरून इस्त्री फिरवत राहिला.

संध्याकाळी फोन वाजला. जुने कामदोक गेले होते. शाळेचे नाम कामदोक, ज्यांनी हानगिलला पिचर केलं आणि दोकसूला कुंपणामागे बसवलं. नव्वदीला आलेला माणूस, दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. सामना हरला की नाम कामदोक साऱ्या पोरांना काळ्या सॉसचे नूडल्स खाऊ घालायचे आणि जिंकला की काहीच नाही. "जिंकलात ना? मग आनंदावर पोट भरा," म्हणायचे. त्यामुळे मनातल्या मनात हरावंसं वाटणारी पोरंही संघात होती. दोकसू त्यातला एक. हे आठवून तो हसला आणि हसता हसता त्याला असं रडू फुटलं की मिसुननं हातातलं काम टाकून त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

त्यानं पुन्हा मालसुन मावशींना फोन लावला. ह्या वेळी मसुद्यावर चर्चा झाली नाही. जे मनात होतं ते त्यानं एका दमात सांगितलं: 'कामदोक-निम, आमच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस तुम्ही दिलेत. आम्ही विसरणार नाही.' खाली: गुन्सान हायस्कूलची जुनी मुलं.

"हे पण कामदोक-निमनाच?" मावशींनी विचारलं.

"हो मावशी. हॉस्पिटलच्या अंत्यविधी हॉलमध्ये. सकाळीच." एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

सोमवारी दुपारी तिघं मित्र काळे सूट घालून हॉस्पिटलच्या तळघरातल्या अंत्यविधी हॉलकडे उतरले. तिघांचेही सूट प्यो लाँड्रीचे, त्यामुळे इस्त्री कडक होती. बोळात दोन्ही बाजूंना पांढरी पुष्पचक्रं उभी होती. आपलं कुठलं म्हणून दोकसू रिबिनी वाचत चालला आणि हॉलच्या दाराला लागूनच्या, सगळ्यांत मोक्याच्या जागी येऊन थबकला.

'कामदोक-निम, खूप झालं. आता विश्रांती घ्या. जाताना अध्यक्षांनाही सोबत घेऊन जा.'

"अरे देवा," सोकजू पुटपुटला.

"मी म्हटलं होतं ना, ह्यात शिवी नाही म्हणून!" क्वाक कुजबुजला. "बघ, मयताला चालून गेलं."

"अर्धं चालून गेलं," सोकजू म्हणाला आणि त्यानं हनुवटीनं दाराकडे खूण केली.

दाराशी दुखवट्याच्या पैशांची पाकिटं घ्यायला टेबल होतं आणि टेबलामागे शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष ग्योन बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. त्यांची खुर्ची नेमकी त्या रिबिनीसमोर होती. सकाळपासून त्यांना दुसरं काही वाचायलाच नव्हतं.

"प्यो," त्यांनी बोट वर केलं. "ही लाँड्री तुझी ना? मी तुझं काय वाकडं केलंय?"

"नाही नाही, अध्यक्ष-निम, ते तुमच्याबद्दल नाही..."

"इथे दुसरा अध्यक्ष कोण आहे?"

"सध्या नाही," दोकसूच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे मी गेल्यावर नवा येईल, असंच ना?" ग्योननी खिशातली गोळी काढून जिभेखाली ठेवली. "चांगलं आहे. सोबत न्या म्हणे! मरणाऱ्यानं काय बस पकडलीय?"

दोकसूनं कोपऱ्यात जाऊन मालसुन मावशींना फोन लावला.

"मावशी, फुलं उलटी गेली!"

"उलटी कशी जातील? माझ्या भाच्यानं वाचून नेलीत," मावशी म्हणाल्या. "तूच म्हणालास, दोन्ही कामदोक-निमना, एक स्टेडियमवर आणि एक मयताला. आता 'विश्रांती घ्या' कुणाला म्हणतात? मयताला. आणि 'सोन्याचे दिवस दिलेत, विसरणार नाही' कुणाला? नोकरी सुटणाऱ्याला. हानगिलची नोकरी जाणार हे तर गावभर झालंय. पोरगा शिकलेला आहे माझा. काही चुकलं का?"

दोकसूनं विचार केला. मजकूर डोळ्यांपुढे आणला. मावशींचा भाचा कुठेही चुकला नव्हता.

"आणि अध्यक्षांना घेऊन जा हे?"

"ते मला वाटलं तुमचं आपापसातलं असेल."

आता एकच उपाय होता. हानगिल नाम कामदोकांचा लाडका चेला, तो आज येणारच. सोमवारी सामनाही नसतो. तो यायच्या आत ती रिबीन नाहीशी व्हायला हवी. दोकसूनं पुढे होऊन ती मधोमध दुमडली आणि पँटीची घडी घालावी तशी बोटांनी दाबून मागे खोचली. मजकूर गेला. पण मजकुराची आणि नावाची अशा दोन्ही रिबिनी वर एकाच गाठीत बांधलेल्या असल्यानं एक ओढली की दुसरी फिरायची, आणि आतापर्यंत फुलांत अर्धी लपलेली 'क्रेन्सचे जुने चाहते, प्यो लाँड्री' ही अक्षरं ऐटीत समोर आली. क्वाकनं ती मागे ढकलली तर अध्यक्षांचं वाक्य बाहेर आलं.

"फुलांशी काय खेळ मांडलाय?" ग्योन ओरडले. "आता खाली पाडा माझ्यावर, म्हणजे सोबत जायचं कामच होईल!"

तेवढ्यात बोळाच्या टोकाला गलका झाला आणि मग एकदम शांतता पसरली. थाक हानगिल येत होता. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा तो बुटका होता आणि पुष्कळच थकलेला. दोकसू रिबिनीकडे पाठ करून तिला झाकत उभा राहिला. क्वाक त्याच्या डाव्या बाजूला आणि सोकजू उजव्या बाजूला उभा राहिला. तिघं मिळून एखाद्या कपाटासारखे दिसत होते.

हानगिल त्यांच्यासमोरून गेला, दोन पावलं पुढे जाऊन थांबला आणि मागे आला.

"दोकसू?"

हानगिलनं दोकसूचा डावा हात उचलला आणि पहिलं बोट चाचपून पाहिलं. ते बोट पेरापाशी वाकडं होतं.

"माझ्याच चेंडूनं मोडलं होतं," हानगिल म्हणाला. "तू कुणाला सांगितलं नाहीस. नाम सर मला सामन्यातून काढतील म्हणून."

"तुम्ही विसरला असाल वाटलं, दादा," दोकसू म्हणाला. साठीच्या माणसाच्या तोंडून दादा हा शब्द किती वर्षांनी निघाला, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"ज्यानं दोन वर्षं माझे चेंडू खाल्ले त्याला विसरेन?"

हानगिल आत गेला. सरांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून त्यानं दोनदा जमिनीला डोकं टेकलं आणि दुसऱ्यांदा ते लवकर वर उचललंच नाही. मग तो बाहेर येऊन जेवणाच्या बैठ्या टेबलाशी, सरळ ह्या तिघांच्यात येऊन बसला. तिखटजाळ मटणाचा रस्सा आला, भात आला, सोजू दारूची बाटली आली.

दोकसूला वाटलं, आता क्वाक तोंड उघडणार. दोन वर्षं टीव्हीच्या काचेवर त्यानं ज्याला एवढं सुनावलं, तो माणूस आता त्याच्या हाताच्या अंतरावर बसला होता. क्वाकनं खरंच तोंड उघडलं. दोन्ही हातांनी बाटली धरून त्यानं अदबीनं हानगिलचा पेला भरला आणि म्हणाला, "कालचा बंट म्हणजे... धाडसी होता, कामदोक-निम."

"मूर्खपणा होता," हानगिल म्हणाला.

"असं कसं? वारा उलटा होता," क्वाक म्हणाला.

"पंचही आंधळा होता," सोकजूनं पुस्ती जोडली.

दोकसू दोघांकडे बघतच राहिला.

"वाराबिरा काही नाही. मी घाबरलो," हानगिल म्हणाला. "दोह्यॉनला विकायला मीच हो म्हटलं. वरच्यांना नाही म्हणायची हिंमत झाली नाही. आज सकाळी मी नोकरी सोडायला निघालो होतो. ऑफिसच्या दारात मयताची फुलं मांडलेली, एकावर 'चालता हो', दुसऱ्यावर 'बेसबॉल मेला'. आणि मध्येच एक. 'सोन्याचे दिवस तुम्ही दिलेत. आम्ही विसरणार नाही. गुन्सान हायस्कूलची जुनी मुलं.'" तो थांबला. "मी तिथेच भिंतीकडे तोंड करून रडलो. मग वर जाऊन अध्यक्षांना सांगितलं, मी जात नाही. तेही म्हणाले, जुन्या लोकांचा एवढा पाठिंबा असेल तर पुढचं वर्षही राहा."

रश्श्याचा चमचा क्वाकच्या तोंडाशी तसाच राहिला. सोकजूला जोराचा ठसका लागला.

"पुढचं वर्षही," क्वाक हळूच म्हणाला, जणू डॉक्टरनं काहीतरी सांगितलं होतं.

"फुलं तुम्हीच पाठवलीत ना?" हानगिलनं दोकसूकडे पाहून विचारलं.

हो म्हटलं की झालं. दादानं त्याला ओळखलं होतं, बोटासकट ओळखलं होतं, आणि एका 'हो'नं तो आयुष्यभर दादाचा माणूस राहणार होता. त्यानं 'हो' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

पण बाहेर ग्योन अध्यक्षांचा आवाज चढला. ते कोणातरी पाहुण्याला रिबीन मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि विचारत होते की हा फौजदारी गुन्हा होतो की नाही. हानगिल कान देऊन ऐकू लागला. मग उठला आणि मोज्यांवरच बाहेर गेला. दोकसू मागोमाग धावला.

पुष्पचक्रासमोर हानगिल हाताची घडी घालून उभा होता. त्यानं मजकूर वाचला. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. पुन्हा मजकूर वाचला. मग ग्योन अध्यक्षांपुढे वाकून म्हणाला, "अध्यक्ष-निम, हे तुमच्याबद्दल नाही. हे आमच्या अध्यक्षांबद्दल आहे, क्रेन्सच्या. आणि वरचं माझ्याबद्दल आहे."

ग्योननी सावकाश चष्मा नीट केला. "मग मला कोणी न्यायचं नाही?"

"नाही."

"आधी नाही का सांगायचं!" ते म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी आतून भात मागवला.

हानगिल दोकसूकडे वळला. "म्हणजे माझ्या दारातलं सरांचं होतं."

"हो, दादा."

"एकच चांगलं वाक्य होतं, तेही माझं नव्हतं."

दोकसूला ते सहन झालं नाही. "तुमचंही आहे!" तो म्हणाला, आणि बोळातली माणसं वळून बघायला लागली. "कुंपणामागे तुमचे चेंडू झेलले तसं सुख मला पुन्हा कशात मिळालं नाही. दुकानात नाही, घरात नाही. बायकोला सांगू नका. पण काल तुम्ही बंट केलात आणि मी पँट जाळली, आणि मला वाटलं, पुरे. दोन्ही खरं आहे. एका रिबिनीवर मावलं नाही, एवढंच."

हानगिलच्या खांद्यांना हसू फुटलं, अंत्यविधीच्या जागी हसू नये म्हणून त्यानं ते दाबलं, आणि ते जास्तच फुटलं.

"मग कॅचरचं काम कर," डोळे पुसत तो म्हणाला. "सारं गाव मला पाठीमागे शिव्या देतं आणि समोर वारा उलटा होता म्हणतं. तू समोर सांग. तिसऱ्या बेसकडच्या बाकांवरून डगआउटात ऐकू येतं. मी ऐकेन असं नाही. पण सांग."

शनिवारी तिघं तिसऱ्या बेसकडच्या बाकांवर बसले होते, हातात सुका माखळी मासा आणि बिअर. आठवा डाव, एक धाव कमी, पहिल्या बेसवर एक जण, कोणी बाद नाही, समोर तोच दांडगा गडी. डगआउटच्या कठड्यापाशी हानगिलनं नाकाला हात लावला, कानाला लावला, टोपीला लावला.

"विचार केला असेल त्यानं काहीतरी," क्वाक समजूतदारपणे म्हणाला.

"वरच्यांनी माणसंच दिली नाहीत तर तो तरी काय करणार?" सोकजू म्हणाला. "आपल्याबरोबर जेवलाय तो. साधा माणूस आहे."

दोकसू मात्र बाकावर उभा राहिला. बिअर सांडली, कोणाच्या तरी टोपीवर माशाचा तुकडा पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पोटापासून आवाज काढला.

"कामदोक-निम! डोकं ठिकाणावर आहे का? मारू द्या त्याला! मारू द्या!"

"हळू रे," क्वाकनं त्याची बाही ओढली. "माणूस आहे तो."

हानगिल कठड्यापाशी थबकला. ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली आणि खूण बदलली. दांडग्या गड्यानं बॅट सरळ केली, कमरेपासून फिरवली, आणि चेंडू असा कडकडीत सुटला की अख्खं स्टेडियम उभं राहिलं. तो नेमका दुसऱ्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यात जाऊन बसला. पहिल्या बेसवरून पुढे पळालेला खेळाडू मागे परतेपर्यंत तोही बाद झाला.

हानगिल हळूच वळला, तिसऱ्या बेसकडच्या बाकांमध्ये शोधून त्यानं दोकसूकडे पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

दोकसू खाली बसला. आजूबाजूचे सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"मला वाटलं होतं, मारेल," तो म्हणाला.

"त्यालाही रोज असंच वाटतं," क्वाक म्हणाला आणि उरलेली बिअर त्यानं दोकसूच्या पेल्यात ओतली.